लहान मुलांमधील वारंवार घोळणा फुटणे

घोळणा फुटणे (शास्त्रीय संज्ञा: नासारक्तस्राव) म्हणजे नाकाच्या आतील श्लेष्मल त्वचेतील रक्तवाहिनी फुटून नाकपुडीवाटे रक्त वाहणे. लहान मुलांमध्ये ही अतिशय सामान्य घटना आहे. दहा वर्षांपर्यंतच्या निम्म्याहून अधिक मुलांना एकदा तरी हा त्रास झालेला असतो. तीन ते आठ वर्षे या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. दोन वर्षांखालील बालकांत तो क्वचित आढळतो. काही मुलांमध्ये महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा रक्त येत राहते. अशा वेळी तपासणीत विशिष्ट कारण सापडले नाही, तर त्यास 'अज्ञातहेतुक वारंवार नासारक्तस्राव' असे म्हणतात.

बहुतेक मुलांत हा त्रास किरकोळ असतो, योग्य प्रकारे नाक दाबल्यास थांबतो आणि वय वाढेल तसा नाहीसा होतो. तथापि थोड्या मुलांमध्ये तो रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषाचे, नाकात अडकलेल्या वस्तूचे, संसर्गाचे किंवा गाठीचे पहिले लक्षण असू शकतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गडचिरोली व चंद्रपूर या वनबहुल जिल्ह्यांत कडक उन्हाळा, हिवताप, सिकलसेल आजार, बालकांतील रक्तक्षय आणि विशेषज्ञ डॉक्टरांपासूनचे अंतर या गोष्टींमुळे साध्या वाटणाऱ्या घोळण्याकडेही वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

नावे

मराठीत 'घोळणा फुटणे' किंवा 'घुळणा फुटणे' हा वाक्प्रचार सर्वत्र रूढ आहे. 'घोळणा' म्हणजे नाकाचा पुढचा, मऊ व फुगीर भाग. बहुतांश रक्तस्राव याच भागातून होत असल्यामुळे हे लोकव्यवहारातील नाव शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही बरेच अचूक आहे. वैद्यकीय लेखनात 'नासारक्तस्राव' आणि 'एपिस्टॅक्सिस' या संज्ञा वापरतात. आयुर्वेदात नाक, तोंड, डोळे व कान यांवाटे होणाऱ्या रक्तस्रावाचा समावेश 'ऊर्ध्वग रक्तपित्त' या व्याधीत केलेला आहे.

शरीररचना

नाकाच्या दोन पोकळ्या ज्या पडद्याने विभागलेल्या असतात त्यास नासापटल म्हणतात. नासापटलाच्या पुढच्या व खालच्या भागात अनेक लहान रोहिण्यांच्या शाखा एकत्र येऊन रक्तवाहिन्यांचे दाट जाळे तयार होते. या जागेस 'लिटल क्षेत्र' आणि तेथील जाळ्यास 'कीसेलबाख जालिका' म्हणतात. ग्रीवेतील आंतर व बाह्य या दोन्ही प्रमुख रोहिण्यांच्या शाखा येथे मिळतात, म्हणून जागा लहान असूनही तेथे रक्तपुरवठा विपुल असतो. वरची श्लेष्मल त्वचा मात्र पातळ असते आणि तिच्याखाली लगेच कूर्चा असल्यामुळे फुटलेल्या वाहिनीस आकुंचन पावण्यास फारसा आधार मिळत नाही.

श्वासाबरोबर आत येणारी कोरडी हवा सर्वप्रथम याच जागी आदळते आणि मुलाचे बोटही सहज येथपर्यंतच पोहोचते. म्हणूनच सुमारे ९० टक्के नासारक्तस्राव या पुढच्या भागातून होतात. नाकाच्या मागील भागातून होणारा रक्तस्राव प्रौढांमध्ये, विशेषतः वृद्धांमध्ये आढळतो. मुलांत तो विरळ असतो. या रचनेचा व्यावहारिक अर्थ असा की मुलांमधील बहुसंख्य रक्तस्राव नाकाचा मऊ भाग बाहेरून चिमटीत दाबून थांबवता येतात.

कारणे

स्थानिक कारणे

नाकात बोट घालून खपल्या काढणे हे लहान मुलांमधील सर्वांत प्रमुख कारण आहे. एकदा रक्त आले की जखमेवर खपली धरते, खपलीमुळे खाज सुटते, मूल ती पुन्हा काढते आणि रक्तस्राव पुन्हा होतो. वारंवार होणाऱ्या त्रासामागे बहुधा हेच दुष्टचक्र असते. अशा मुलांच्या नाकपुडीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा सौम्य संसर्ग अनेकदा आढळतो. त्यामुळे नाकपुडीच्या तोंडाशी दाह होतो, नवीन व नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात आणि खपल्या वाढतात.

याशिवाय पुढील स्थानिक कारणे महत्त्वाची आहेत:

* सर्दी, वारंवार शिंका व अधिहर्षताजन्य (ॲलर्जीमुळे होणारा) नासादाह.
* कोरडी व उष्ण हवा. चुलीचा व तंबाखूचा धूर.
* खेळताना किंवा पडल्यामुळे नाकाला झालेली इजा.
* नाकात घातलेली वस्तू, उदाहरणार्थ चिंचोका, मणी, खडू, स्पंजाचा तुकडा. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित स्राव येत असेल तर प्रथम ही शक्यता तपासतात.
* नाकात मारण्याच्या औषधी फवाऱ्याचा चुकीच्या दिशेने, म्हणजे नासापटलावर, केलेला वापर.

खेळण्यांतील व घड्याळांतील बटणाच्या आकाराची विद्युत घटमाला नाकात गेल्यास ती तातडीची अवस्था समजली जाते. ओलसर त्वचेशी संपर्क येऊन तिच्याभोवती तीव्र दाहक अल्क तयार होते आणि काही तासांतच नासापटल भाजून त्यास छिद्र पडू शकते.

जलू, तलाव आणि नाक

ओढ्या-नाल्यांचे पाणी वाकून थेट तोंडाने पिणाऱ्या किंवा त्यात डुंबणाऱ्या मुलांच्या नाकात जळू शिरू शकते. आत शिरताना ती लहान असते. रक्त पिऊन मोठी होते. तिच्या लाळेतील हिरुडिन या द्रव्यामुळे रक्त गोठत नाही. परिणामी एकाच नाकपुडीतून दिवसेंदिवस थोडे थोडे रक्त येत राहते, नाकात काही हलत असल्याची तक्रार मूल करते आणि कधी कधी रक्तक्षयही होतो. जळू घरी ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास ती तुटू शकते किंवा मागे सरकून घशात जाऊ शकते. रुग्णालयात स्थानिक बधिरकाने तिची पकड सैल करून ती चिमट्याने काढतात.

साचलेल्या तलावांच्या पाण्याशी संबंध जोडला जाणारा दुसरा आजार म्हणजे ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेरी या सूक्ष्मजीवामुळे होणारा नासारोग. या जीवाचे वर्णन गिलेर्मो सीबेर यांनी १९०० साली अर्जेंटिनात केले. परंतु जगातील बहुसंख्य रुग्ण भारत व श्रीलंका येथे आढळतात. या आजारात नाकात लालसर, स्ट्रॉबेरीसारखी ठिपकेदार, स्पर्श होताच रक्त येणारी गाठ वाढते. ती शस्त्रक्रियेने काढून तिचा पाया डागावा लागतो.

सार्वदेहिक कारणे

रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांपैकी फॉन विलेब्रांड विकार हा सर्वांत सामान्य असून वारंवार घोळणा फुटणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. हिमोफिलियामध्ये सांध्यांत व स्नायूंत होणारा रक्तस्राव अधिक ठळक असतो, तरी नाकातूनही रक्त येऊ शकते. रक्तातील बिंबाणूंची (प्लेटलेट) संख्या कमी होणे किंवा त्यांचे कार्य सदोष असणे हे आणखी एक कारण होय. प्रतिरक्षाजन्य बिंबाणुन्यूनता, डेंग्यू, रक्ताचा कर्करोग व अस्थिमज्जेचे विकार यांत अशी स्थिती उद्भवते. आनुवंशिक रक्तवाहिनी विस्फारण्याच्या विकारात (ऑस्लर-वेबर-रांड्यू विकार) ओठ, जीभ व बोटांवर लाल ठिपके दिसतात आणि कुटुंबातील अनेकांना घोळणा फुटण्याचा त्रास असतो.

किशोरवयीन मुलग्याला एका बाजूने नाक चोंदणे आणि जोराचा, वारंवार रक्तस्राव अशी दोन लक्षणे एकत्र असतील तर नासाग्रसनीतील वाहिनीयुक्त तंतुमय गाठीची शक्यता तपासतात. ही गाठ कर्करोगाची नसली तरी ती आसपासची हाडे पोखरते. तिचा तुकडा तपासणीसाठी बाह्यरुग्ण विभागात काढणे धोक्याचे असते, कारण त्यातून अनावर रक्तस्राव होऊ शकतो.

गडचिरोली व चंद्रपूर परिसरातील संदर्भ

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित असून त्याच्या बारा तालुक्यांपैकी मुलचेरा हा दक्षिणेकडील एक तालुका आहे. येथे माडिया व गोंड आदिवासी, मराठी व तेलुगू भाषक आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती अशी मिश्र वस्ती आहे. त्यामुळे आरोग्य कर्मचाऱ्याला एकाच तालुक्यात तीन-चार भाषांतून सूचना समजावून सांगाव्या लागतात.

या परिसरात पुढील बाबी नासारक्तस्रावाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

उष्णता व वनोपजाचा हंगाम. चंद्रपूर हे देशातील अतिउष्ण शहरांत गणले जाते आणि उन्हाळ्यात या पट्ट्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. मार्च-एप्रिलमधील मोहफूल वेचणी आणि मे महिन्यातील तेंदूपान संकलन हे याच काळात येते. कुटुंबासोबत पहाटेपासून रानात जाणाऱ्या मुलांच्या नाकातील त्वचा कोरडी पडून भेगाळते. 'अंगात उष्णता वाढल्याने घोळणा फुटतो' ही लोकसमजूत या निरीक्षणावर आधारलेली आहे. मात्र उष्णता 'डोक्यात चढून' रक्त येत नाही. कोरड्या हवेने श्लेष्मल त्वचा तडकणे हे त्याचे कारण आहे.

सिकलसेल आजार. पूर्व विदर्भात दात्रकोशिका म्हणजेच सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. हा रक्त गोठण्याचा दोष नाही. परंतु सिकलसेलग्रस्त मुलाचे हिमोग्लोबिन मुळातच कमी, बहुधा डेसिलिटरमागे ६ ते ९ ग्रॅम, असते. निरोगी मुलाला सहज सोसेल एवढा रक्तस्रावही अशा मुलाला अपायकारक ठरू शकतो. याच कारणास्तव या भागात वारंवार घोळणा फुटणाऱ्या मुलाची सिकलसेल चाचणी झालेली आहे किंवा नाही हे पाहणे आवश्यक ठरते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ केला.

हिवताप व डेंग्यू. गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा आहे. हिवतापात बिंबाणूंची संख्या घटते. त्यामुळे रक्तस्राव होणे विरळ असले तरी पावसाळ्यात व त्यानंतर तापासोबत घोळणा फुटल्यास हिवताप व डेंग्यू या दोन्हींची चाचणी त्याच दिवशी करणे योग्य समजले जाते.

सर्पदंश. घोणस व फुरसे या सापांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अचानक नाक, हिरड्या व जुन्या जखमांतून एकाच वेळी रक्त येऊ लागले आणि मूल शेतात, रानात किंवा जमिनीवर झोपलेले असेल, तर दंशाची खूण दिसली नाही तरी सर्पदंशाची शक्यता ध्यानात घेतात. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठले की नाही हे पाहायचे, ही साधी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते.

अंतर. कान-नाक-घसा तज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा चंद्रपूर व नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांत उपलब्ध असतात. दक्षिण गडचिरोलीतील रुग्णांसाठी अहेरी येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर येऊन अनेक गावांचा संपर्क तुटतो. अशा गावांत पहिल्या पंधरा मिनिटांतील प्रथमोपचार हाच अनेकदा एकमेव उपचार असतो. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका आणि आश्रमशाळांतील शिक्षक व अधीक्षक यांना नाक दाबण्याची अचूक पद्धत ठाऊक असणे म्हणून महत्त्वाचे आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ पासून चालणारा लोकबिरादरी प्रकल्प आणि 'सर्च' ही संस्था यांनी याच जिल्ह्यात गावपातळीवरील आरोग्यसेवेची उदाहरणे घालून दिली आहेत.

निदान

निदानाचा मुख्य आधार म्हणजे काळजीपूर्वक घेतलेला पूर्वेतिहास. रक्त किती वेळा येते, किती वेळ टिकते, अंदाजे किती जाते, किती महिन्यांपासून त्रास आहे आणि ते एका नाकपुडीतून येते की दोन्हींतून, या पाच प्रश्नांवरून त्रासाची तीव्रता ठरते. वर्षातून पाचपेक्षा अधिक वेळा किंवा एका वेळी दहा मिनिटांहून अधिक काळ रक्त येत असेल तर रक्तस्रावी विकाराच्या दृष्टीने विचारपूस करतात. दात पडल्यावर, सुंता किंवा टोचणीनंतर रक्त बराच वेळ वाहिले होते काय, अंगावर सहज निळे डाग उठतात काय, मोठ्या बहिणीला किंवा आईला पाळीत अतिरक्तस्राव होतो काय, या प्रश्नांची उत्तरे अनेकदा प्रयोगशाळेच्या चाचणीपेक्षा अधिक उपयुक्त ठरतात.

त्यानंतर प्रकाशझोतात नाकपुडीचा पुढचा भाग तपासतात. खपल्या, ठळक रक्तवाहिनी, अडकलेली वस्तू, जळू किंवा गाठ याच तपासणीत दिसते. त्वचेवरील लाल ठिपके, फिकटपणा, वाढलेली पाणथरी (प्लीहा) व लसीकाग्रंथी यांचीही पाहणी होते.

निरोगी दिसणाऱ्या आणि अधूनमधून थोडेसे रक्त येणाऱ्या मुलाला रक्तचाचण्यांची गरज नसते. त्रास तीव्र किंवा दीर्घकालीन असल्यास हिमोग्लोबिन व बिंबाणूंची गणना करतात. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ११.५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. बिंबाणूंची सामान्य संख्या मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख असते. विकाराचा संशय असल्यास रक्तक्लथनाच्या कालमापन चाचण्या आणि फॉन विलेब्रांड घटकाची चाचणी केली जाते. नेहमीच्या कालमापन चाचण्या सामान्य आल्या तरी फॉन विलेब्रांड विकार असू शकतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

प्रथमोपचार

मान्य प्रथमोपचार पुढीलप्रमाणे आहे:

१. मुलास धीर देऊन ताठ बसवावे. लहान मूल असल्यास मांडीवर बसवावे. रडण्याने रक्तदाब वाढून रक्तस्राव वाढतो.
२. डोके किंचित पुढे झुकवावे. मागे झुकवू नये.
३. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा खालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी घट्ट दाबावा. वरच्या हाडाळ भागावर दाब देण्याचा काही उपयोग होत नाही.
४. दाब सलग दहा ते पंधरा मिनिटे ठेवावा. मधेच सोडून 'थांबले का' हे पाहू नये. तसे केल्यास नुकती धरलेली रक्ताची गुठळी निघून जाते. वेळ घड्याळावर मोजावी.
५. मुलाने तोंडाने श्वास घ्यावा आणि तोंडात आलेले रक्त गिळण्याऐवजी थुंकावे.
६. रक्त थांबल्यावर काही तास नाक शिंकरू नये, खपली काढू नये, धावपळ व गरम पेये टाळावीत.

नाकाच्या मुळाशी बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी ठेवण्याची प्रथा आहे. तिचा अपाय नाही, परंतु तिने रक्तस्राव थांबतो याचा पुरावा दुबळा आहे. ती दाबाला पर्याय ठरू शकत नाही.

टाळावयाच्या गोष्टी

मुलाला उताणे निजवणे किंवा मान मागे टाकणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. त्यामुळे रक्त बाहेर दिसत नाही, पण ते घशातून पोटात जाते. गिळलेल्या रक्ताने मळमळ होते आणि नंतर काळसर रक्ताची उलटी होऊन घरच्यांची घबराट होते. शुद्ध हरपत असलेल्या मुलात ते श्वासनलिकेतही जाऊ शकते.

फोडलेला कांदा हुंगायला देणे व टाळूवर थंड पाणी थापणे हे उपाय महाराष्ट्रभर केले जातात. बहुतेक घोळणे काही मिनिटांत आपोआप थांबत असल्याने या उपायांना यश आल्यासारखे वाटते. त्यांत वेळ जाऊन नाक दाबायचे राहून जाते, हा त्यांचा खरा तोटा होय. नाकात कापसाचा बोळा कोंबणे, राख, हळद किंवा तंबाखूची पूड घालणे यांमुळे जखम चिघळते आणि कापसाचा तंतू अडकून नवीनच व्याधी उद्भवते. ताप किंवा डोकेदुखीसाठी ॲस्पिरिन देणे टाळतात, कारण त्याने बिंबाणूंचे कार्य मंदावते.

रुग्णालयात केव्हा न्यावे

* योग्य रीतीने सलग पंधरा मिनिटे दाबूनही, आणि तीच कृती पुन्हा एकदा करूनही, रक्त थांबत नसल्यास.
* मूल दोन वर्षांपेक्षा लहान असल्यास.
* फिकटपणा, घाम, भोवळ, सुस्ती किंवा जलद श्वास असल्यास.
* ताप, अंगावर लाल-निळे डाग, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त असल्यास.
* डोक्याला किंवा चेहऱ्याला मार लागला असल्यास.
* सिकलसेल, हिमोफिलिया किंवा अन्य रक्तविकार आधीपासून माहीत असल्यास.
* नाकात वस्तू, विशेषतः घटमाला, गेल्याचा संशय असल्यास.

मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७५ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे बारा किलो वजनाच्या मुलात एकूण रक्त सुमारे ९०० मिलिलिटर असते. पाण्याचा एक लहान पेला भरेल एवढे, म्हणजे १८० मिलिलिटर, रक्त गेले तर तो त्याच्या रक्ताचा पाचवा हिस्सा होतो. प्रौढाच्या मानाने किरकोळ वाटणारा रक्तस्राव कृश बालकात गंभीर ठरतो तो यामुळे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. वाहनाची वाट पाहताना व प्रवासातही नाकावरील दाब चालू ठेवतात.

वारंवार होणाऱ्या त्रासावरील उपचार

मलम

नाकपुडीत जंतुनाशक मलम लावणे हा अज्ञातहेतुक वारंवार नासारक्तस्रावावरील पहिल्या पायरीचा उपचार आहे. त्याने जिवाणूंचा संसर्ग कमी होतो, खपल्या मऊ पडतात आणि बोट घालण्याची इच्छा ओसरते. ग्लासगो येथील मुलांवरील एका नियंत्रित चाचणीत (२००१) क्लोरहेक्झिडिन व निओमायसिनयुक्त मलम चार आठवडे लावलेल्या मुलांपैकी ५५ टक्के मुलांना त्यापुढील चार आठवड्यांत रक्तस्राव झाला नाही. उपचार न केलेल्या गटात हे प्रमाण २९ टक्के होते. भारतात म्युपिरोसिनसारखी मलमे वैद्यकीय सल्ल्याने वापरली जातात. मलम बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढे घेऊन नाकपुडीच्या तोंडाशी लावतात व बाहेरून नाक हलके चोळतात. काडी किंवा कापूस लावलेली शलाका आत खोल घालत नाहीत.

साधी पेट्रोलियम जेली स्वस्त, निर्धोक व सर्वत्र मिळणारी असल्याने ती सर्रास सुचवली जाते. तथापि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती लावलेल्या व न लावलेल्या मुलांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. त्वचा ओलसर ठेवण्यासाठी मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे थेंब किंवा फवारा हाही पर्याय आहे.

डागणे

तपासणीत ठळक रक्तवाहिनी दिसत असेल आणि मलमाने गुण येत नसेल तर ती जागा सिल्व्हर नायट्रेटने रासायनिक रीत्या डागतात. आधी बधिरक औषधात भिजवलेला कापूस ठेवून जागा बधिर करतात. मुलांमध्ये ९५ टक्क्यांऐवजी ७५ टक्के तीव्रतेचे सिल्व्हर नायट्रेट वापरणे श्रेयस्कर ठरले आहे, कारण त्याने वेदना कमी होतात आणि परिणामही चांगला मिळतो. नासापटलाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी डागणे टाळतात. तसे केल्यास मधल्या कूर्चेचा रक्तपुरवठा तुटून पटलास छिद्र पडण्याचा धोका असतो. विद्युत डागणीसाठी लहान मुलांना बहुधा भूल द्यावी लागते. या वैद्यकीय क्रियेचा, पोटावर किंवा अंगावर तापलेल्या सळईने डागण्याच्या अघोरी प्रथेशी काहीही संबंध नाही.

कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात मुलांवरील पाच चाचण्या व ४६८ सहभागी यांचा विचार करण्यात आला. सर्वोत्तम उपचार कोणता हे निश्चित सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मलम व डागणे या दोहोंच्या परिणामांत मोठा फरक दिसत नसल्याने सोपा व वेदनारहित उपाय आधी योजण्याचा प्रघात आहे.

न थांबणारा रक्तस्राव

दाबाने न थांबणाऱ्या रक्तस्रावात रक्तवाहिन्या आकुंचित करणारे थेंब किंवा ट्रॅनेक्झॅमिक आम्लात भिजवलेला कापूस काही काळ ठेवतात. त्यानेही न भागल्यास नाकात पट्टी किंवा स्पंज भरतात. रक्तस्रावी विकार असलेल्या मुलांत आपोआप विरघळणारे द्रव्य भरणे इष्ट असते, कारण साधी पट्टी काढताना पुन्हा रक्त येते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच शिफारस आहे. रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया मुलांत क्वचितच करावी लागते.

मूळ विकारावरील उपचार

फॉन विलेब्रांड विकाराच्या काही प्रकारांत डेस्मोप्रेसिन उपयोगी पडते; इतर प्रकारांत तो घटक शिरेवाटे द्यावा लागतो. हिमोफिलियात आठवा किंवा नववा रक्तक्लथन घटक देतात. रक्तक्षय असल्यास लोहयुक्त औषध डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेने देतात. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलग्रस्त मुलात लोह आधीच साठलेले असू शकते, म्हणून तपासणीशिवाय लोह देत नाहीत.

प्रतिबंध

मुलाची नखे कापलेली ठेवणे, नाकपुडीत कोरडेपणा जाणवताच मलम किंवा मिठाच्या पाण्याचे थेंब वापरणे, सर्दी व ॲलर्जीवर वेळीच उपचार करणे, स्वयंपाकाच्या जागेतून धूर बाहेर जाण्याची सोय करणे आणि उन्हात पुरेसे पाणी पिणे हे मुख्य प्रतिबंधक उपाय आहेत. नाकात बोट घातल्याबद्दल मुलाला मारल्याने सवय सुटत नाही. खाज व खपली गेल्यावर ती बहुधा आपोआप सुटते. जलूचा उपद्रव असलेल्या भागात ओढ्याचे पाणी गाळून व उकळून पिणे, तसेच थेट वाकून न पिता भांड्याने घेणे हितावह असते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाड्या व शासकीय शाळांतील मुलांची नियमित तपासणी करतात. वारंवार घोळणा फुटत असल्याची तक्रार या तपासणीत नोंदवली गेल्यास पुढील संदर्भसेवा मिळू शकते. निवासी आश्रमशाळांत पालक जवळ नसल्याने अशी नोंद ठेवणे विशेष गरजेचे असते: तारीख, बाजू, किती मिनिटे आणि ताप होता किंवा नाही एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवल्या तरी डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.

इतिहास

नाकाच्या पाळ्या दाबून रक्तस्राव थांबतो हे निरीक्षण प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस यांच्या नावे सांगितले जाते. भारतात चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौथा अध्याय रक्तपित्तावर असून त्यात नाकातून वाहणाऱ्या रक्तासाठी औषधी रसांचे नस्य सांगितले आहे. परंपरेने यासाठी दूर्वा व डाळिंबाच्या फुलांचा रस वापरला जातो. आधुनिक नियंत्रित चाचण्यांतून या रसांची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, आणि अस्वच्छ रस नाकात घातल्यास संसर्गाचा धोका असतो.

अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स लॉरेन्स लिटल यांनी १८७९ मध्ये आणि जर्मन वैद्य विल्हेल्म कीसेलबाख यांनी १८८४ मध्ये नासापटलाच्या पुढच्या भागातील रक्तस्रावाची जागा निश्चितपणे दाखवून दिली. पुढे वाकून बसण्याची पद्धत ब्रिटिश शल्यचिकित्सक विल्फ्रेड ट्रॉटर यांच्या नावाने ओळखली जाते. फिनलंडचे वैद्य एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ऑलांड बेटांवरील एका पाच वर्षांच्या मुलीच्या व तिच्या कुटुंबाच्या अभ्यासावरून नव्या आनुवंशिक रक्तविकाराचे वर्णन केले. पुन्हा पुन्हा घोळणा फुटणे हे त्या कुटुंबातील अनेकांचे लक्षण होते.

परिणाम व पुढील वाटचाल

अज्ञातहेतुक नासारक्तस्राव असलेल्या बहुसंख्य मुलांचा त्रास किशोरवयापर्यंत थांबतो. उपचारानंतरही काही महिन्यांनी तो परत उद्भवू शकतो. अशा वेळी मलमाचा उपचार पुन्हा करता येतो. सावकाश पण दीर्घकाळ चालणाऱ्या रक्तस्रावाने होणारा रक्तक्षय ही सर्वांत सामान्य गुंतागुंत असून ती सहज नजरेआड होते. मूल खेळताना लवकर दमते, तळहात व पापणीची आतली बाजू फिकट दिसते, माती किंवा खडू खाण्याची सवय लागते, ही तिची लक्षणे होत. जेथे रक्तक्षय, हिवताप व सिकलसेल हे आधीपासूनच आढळतात, त्या मुलचेऱ्यासारख्या भागात या लक्षणांचे श्रेय केवळ घोळण्याला किंवा केवळ कुपोषणाला न देता दोन्ही बाजूंनी तपासणी करणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

* नाक
* रक्तक्षय
* सिकलसेल आजार
* हिमोफिलिया
* फॉन विलेब्रांड विकार
* हिवताप
* प्रथमोपचार
* मुलचेरा तालुका